शिलकेची उडी

कोणत्याहि मध्यमवर्गीय घरांतील जमाखर्चाची वही उघडून पाहावी. तींत किराण्याला जागा असते, कर्जाच्या हप्त्याला असते, दानधर्माला असते, आणि आजारपणासाठीं तर एखादें पान कोरें राखून ठेविलेलें असतें. हौसेचें स्वतंत्र खातें मात्र क्वचितच आढळतें. हौस वहींत शिरते ती कोणत्या तरी गरजेचें नांव घेऊन. सहलीला हवापालट म्हणतात, दागिन्याला गुंतवणूक म्हणतात, आणि घरांत मोठ्या पडद्याचा दूरदर्शन-संच आणावयाचा झाल्यास मुलांच्या ज्ञानवृद्धीचा हवाला दिला जातो. या सोंगांची आम्हांला इतकी संवय झाली आहे कीं, एखादी हौस आपल्या खऱ्या नांवानें दारांत येऊन उभी राहिली, म्हणजे तिला आंत घ्यावें कीं बाहेरच्या बाहेर वाटेला लावावें, हें आम्हांला उमजत नाहीं.

त्यांतून आम्ही नगरचे. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, पण येथील पावसानें आपला जुना स्वभाव सोडला नाहीं. पश्चिम टोकाला अकोले तालुक्याच्या डोंगरांत तो मुसळधार कोसळतो, आणि पूर्वेस व दक्षिणेस पारनेर, पाथर्डी, जामखेड या बाजूंना येईपर्यंत त्याची झोळी बहुधा रिकामी झालेली असते. अशा मुलखांत 'शिल्लक' हा शब्द जपून उच्चारावा लागतो. कणगींत चार पायली ज्वारी जास्त राहिली, तर ती जास्त झाली असें कोणी म्हणत नाहीं. पुढल्या सालाची तरतूद झाली, असें म्हणतात. शिवाय आमचें शहर रणगाड्यांचें. चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र येथें आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचें एक संग्रहालयहि आहे. म्हणजे येथला पराक्रमसुद्धां जमिनीला धरून चालणारा! अशा गांवीं आमच्या घरांत विमानांतून उडी मारण्याची हौस शिरली, आणि तीहि आमच्या चोपन्न वर्षांच्या पत्नीच्या मनांत.

या हौसेचा इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. आमची पत्नी माध्यमिक शाळेंत भूगोल शिकविते. २००४ सालच्या एप्रिल महिन्यांत पुण्याच्या शीतल महाजन यांनीं उत्तर ध्रुवावर हवाई छत्रीच्या साहाय्यानें उडी घेतली. ती त्यांच्या आयुष्यांतली पहिलीच उडी होती. ती बातमी पत्नीनें कात्रीनें कापून नकाशांच्या पुस्तकांत, ध्रुवप्रदेशाच्या पानावर, ठेवून दिली. २००६ सालीं त्याच बाईंनीं अंटार्क्टिकावर उडी घेतली, २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ सालीं त्यांनीं थायलंडमध्यें नऊवारी नेसून उडी मारली, आणि २०२३ सालीं एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. नकाशांच्या पुस्तकांतलीं कात्रणें वाढत गेलीं. हिंदी माणसाला ही विद्या अगदींच नवी आहे असेंहि नाहीं. १८९० सालींच कलकत्त्याच्या रामचंद्र चटर्जी यांनीं फुग्यांतून वर जाऊन छत्रीनें खालीं उतरून दाखविलें होतें. परंतु असले पराक्रम वर्तमानपत्रांत वाचणें निराळें, आणि आपल्याच स्वयंपाकघरांत बसून त्यांचा खर्च मांडणें निराळें.

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत पत्नी एका मैत्रिणीसह हरियाणांतील नारनौल येथें जाऊन पहिली उडी घेऊन आली. या प्रकारांत नवखा मनुष्य शिक्षकाच्या छातीशीं पट्ट्यांनीं बांधलेला असतो आणि दोघांची मिळून एकच छत्री असते. आमच्या जिल्ह्यांतलें, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रांतलें, सर्वांत उंच शिखर कळसूबाई ५,४०० फूट आहे. पत्नी नवरात्रांत दरवर्षीं बारी गांवाकडून लोखंडी शिड्या चढून देवीच्या दर्शनाला जाते. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेविली तर जेवढी उंची होईल, जवळजवळ तेवढ्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारें १०,००० फुटांवर, विमान जातें, आणि तेथून दोघें बाहेर पडतात. पहिले हजार फूट उतरावयास सुमारें १० सेकंद लागतात. पुढें हवेचा विरोध आणि शरीराचें वजन यांचा मेळ बसला कीं वेग तासाला सुमारें १९० किलोमीटरवर स्थिर होतो, आणि मग प्रत्येक हजार फुटांना पांच-साडेपांच सेकंद पुरतात. जमीन ५,००० फुटांवर राहिली कीं छत्री उघडते. म्हणजे मोकळें पडणें सारें अर्ध्या मिनिटाचें, आणि त्यानंतर छत्रीखालीं पांच-सहा मिनिटांचा संथ प्रवास.

या उडीला खर्च आला तीस हजारांच्या आसपास. आम्ही सरकारी नोकरींत हिशेब तपासण्यांत उभें आयुष्य घालविलेलें. ताबडतोब भागाकार केला आणि सेकंदाला हजार रुपये पडले, असें तिच्या निदर्शनास आणून दिलें. ती शांतपणें म्हणाली, "अहो, धाकट्या भाच्याच्या लग्नांत दारूकाम किती सेकंद चाललें होतें? तेव्हां कोणी भागाकार केला नाहीं तो." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पण त्याहून महत्त्वाचें वाक्य ती घरीं परतल्यावर तिसऱ्या दिवशीं बोलली. शेजारच्या मंडळींना ती चलच्चित्रफीत दाखवीत होती. सगळ्यांनीं वाहवा केली. मंडळी गेल्यावर ती म्हणाली, "खरें सांगूं? उडी त्या शिक्षकानें मारली. मी नुसती बरोबर होतें."

आमच्या घरांतला सारा वाद पुढें याच वाक्याभोंवतीं फिरला. तो वाद उत्पन्न होण्यास कारण झाला तो एक परत आलेला पैसा. दहा वर्षांपूर्वीं आम्हीं एका पतसंस्थेंत ठेव ठेविली होती. तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. ज्यांनीं असा अनुभव घेतला आहे ते आपल्या संस्थेचें नांव तेथें घालून वाचतील. व्याज चांगलें होतें, चालकमंडळी ओळखीची होती, आणि दारांत रोज हळदीकुंकवाची पूजा होत होती. एके दिवशीं दाराला कुलूप लागलें. बँकेंतील ठेवीला २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेला तो विमा लागू नाहीं. वर्षें गेलीं. अर्ज केले, सभांना गेलों, आणि शेवटीं त्या पैशाचें मनांतल्या मनांत सुतक पाळून मोकळे झालों. त्यानंतर वसुली होऊं लागली आणि हप्त्याहप्त्यानें रक्कम परत आली. गेल्या चैत्रांत शेवटचा हप्ता मिळाला तेव्हां एकूण २,४०,००० रुपये झाले.

या पैशाकडे पाहतांना आम्हांला एक विचार सुचला. शिल्लक म्हणजे खर्च वजा जातां उरलेली रक्कम, असें आम्ही आजवर मानीत आलों. पण अशा शिलकेवर घराचें लक्ष असतेंच. ती आहे म्हणून माणूस थोडा सैल हातानें वागतो, थोडा निर्धास्त झोपतो. या २,४०,००० रुपयांची गोष्ट निराळी. ते नाहींत असें धरून आमच्या घरानें मुलाचें शिक्षण पुरें केलें, गळकें छप्पर बदललें, दोन लग्नांचे आहेर केले. त्यांच्यावांचून आमचें चालतें हें नुसतें अनुमान राहिलें नव्हतें. सात वर्षांचा पुरावा होता. खरी शिल्लक कोणती, याची याहून कडक परीक्षा आम्हांला ठाऊक नाहीं.

आणखी एक गोष्ट लक्षांत आली, आणि ती पत्नीनेंच आणून दिली. छत्रीउडी करणाऱ्याच्या पाठीवरील पिशवींत एक नव्हे, दोन छत्र्या असतात. मुख्य छत्री दगा देईल तर राखीव छत्री असते, आणि ती घडी घालण्याचें काम परवानाधारक माणसालाच करावें लागतें. त्याशिवाय ठराविक उंचीखालीं मनुष्य वेगानें पडतच राहिला, तर आपोआप राखीव छत्री उघडणारें यंत्र असतें. "तुमच्या पतसंस्थेला यांतलें काय होतें?" असें तिनें विचारलें. आम्ही ज्याला सुरक्षित म्हणत होतों तें राखीव छत्रीवांचूनचें होतें, आणि ज्याला अविचार म्हणत होतों त्यांत तीन पदरी तजवीज होती. अर्थात् एवढ्यानें उडी निर्धोक ठरत नाहीं. अमेरिकेंतील छत्रीउडीच्या संघटनेच्या आंकड्यांप्रमाणें २०२३ सालीं तेथें ३६ लाखांहून अधिक उड्या झाल्या आणि १० जणांना मृत्यु आला. प्रमाण लहान आहे हें आम्ही गणित जाणणारे मान्य करतों. पण ते दहा जण कोणाच्या तरी घरचे होते, हेंहि आम्हांला विसरतां येत नाहीं.

आतां प्रश्न उरला तो, पैसा या हौसेवर खर्च करावयाचाच तर कसा करावा. मार्ग तीन दिसत होते. पहिला म्हणजे नारनौलसारखी उडी दरवर्षीं एकदां घ्यावी, चित्रफीत आणावी आणि मंडळींना दाखवावी. हा मार्ग सोपा खरा. पण आठव्या उडीनंतरहि माणूस पहिल्या उडीइतकाच उतारू राहतो. दुसरा मार्ग सामान विकत घेण्याचा. छंद लागला कीं प्रथम सामान घ्यावें, ही आमच्या वर्गाची आवडती रीति आहे; गाणें शिकण्यापूर्वीं तंबोरा येतो आणि चित्रकलेपूर्वीं रंगाची पेटी. छत्री, राखीव छत्री, पिशवी आणि तें स्वयंचलित यंत्र एवढें नवें घेतलें तर लाखांच्या गोष्टी होतात. शिवाय नवशिक्याला मोठी, संथ छत्री लागते, आणि हात बसत गेला कीं लहान व चपळ छत्री घ्यावी लागते. पहिल्याच वर्षीं घेतलेली छत्री म्हणजे वाढत्या मुलाला शिवलेला उंची कोट! शिकतांना सामान भाड्यानें मिळतें, तेव्हां विकत घेण्याचें कांहींच निमित्त नाहीं.

तिसरा मार्ग शिकण्याचा. आधीं जमिनीवरील पाठ, मग सात-आठ टप्प्यांचा शिक्षणक्रम. त्यांत सुरुवातीला दोन्ही बाजूंना दोन शिक्षक आपल्याबरोबर उडी मारतात, पण छत्री आपल्याच पाठीवर असते आणि ती आपल्याच हातानें उघडावी लागते. अमेरिकन पद्धतीचा पहिला परवाना मिळविण्यास निदान २५ उड्या पुऱ्या कराव्या लागतात. आमच्या चौकशीप्रमाणें परदेशीं जाऊन हें करावयाचें तर प्रवासासह तीन लाखांच्या आंतबाहेर खर्च येतो. पत्नीचें बोट याच मार्गावर टेकलें होतें, हें सांगावयास नकोच.

आमच्या हातीं २,४०,००० रुपये होते. उरलेले साठ हजार कोठूनहि उभे करतां आले असते, आणि येथें एखाद्या कथालेखकानें त्या बाईला विमानांत बसवून गोष्ट संपविली असती. पण नगरच्या माणसाला असें करतां येत नाहीं. आमच्या शहरापासून जवळच हिवरे बाजार हें गांव आहे. पोपटराव पवार तेथें सरपंच झाले, आणि त्यानंतर त्या गांवानें आपल्या कोरड्या शिवारांत पाणी कसें मुरविलें, तें सर्वश्रुत आहे. आम्हांला त्या गांवाची जी गोष्ट सर्वांत आवडते ती बंधाऱ्यांची नव्हे, हिशेबाची. पावसाळा सरला कीं तेथें ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पाऊस झाला, किती पाणी हातीं आहे, हें मोजतात. त्यांतून प्रथम माणसांचें व गुराढोरांचें पिण्याचें पाणी बाजूला काढतात, आणि मग जें उरेल त्यावर कोणतें पीक घ्यावयाचें तें ठरवितात. पाऊस कमी, तर पीकहि कमी पाण्याचें. ऊस आणि केळीं यांना तेथें थारा नाहीं. हातीं आलेलें पाणी सगळेंच आपलें नसतें, एवढी एक गोष्ट त्या गांवानें अंगवळणीं पाडून घेतली आहे.

आम्ही दोघांनींहि एका रविवारीं त्याच रीतीनें ताळेबंद मांडला. पारनेर तालुक्यांत आमची वडिलोपार्जित जिराईत जमीन आहे आणि तींत एक जुनी विहीर आहे. जमीन चुलतभाऊ कसतो. विहिरींत गाळ सांचला आहे आणि एका बाजूचें बांधकाम ढांसळलें आहे. तिच्या दुरुस्तीला ६५,००० रुपये. हें आमच्या ताळेबंदांतलें पिण्याचें पाणी. त्यावर चर्चाच झाली नाहीं. आईच्या दुसऱ्या डोळ्यांतला मोतीबिंदु काढावयाचा, त्याला ३५,०००. तेंहि निर्विवाद. राहिले १,४०,०००. त्यांतून ४०,००० आजारपणासाठीं निराळे ठेवावेत असें आम्हीं सुचविलें. कारण अपघाताच्या पुष्कळ विमापत्रांत असल्या धाडसी खेळांतला अपघात वगळलेला असतो, आणि त्याचा निराळा विमा उतरावा लागतो. पत्नी विरोध करील असें आम्हांला वाटलें होतें. ती म्हणाली, "ठेवाच. ती राखीव छत्री. मला कितीहि मोह झाला तरी तिला हात लावूं देऊं नका."

याप्रमाणें उडीच्या वांट्याला बरोबर १,००,००० रुपये आले, आणि खरी अडचण येथेंच सुरूं झाली. या लाखांत बांधलेल्या उड्या तीन होतात. शिक्षणक्रम एक तृतीयांश होतो. आम्हीं आमच्या स्वभावास अनुसरून हप्ते सुचविले. यंदां थोडें शिकावें, पुढल्या वर्षीं थोडें. पण चौकशीअंतीं कळलें कीं, हा छंद हप्त्यानें घेतां येत नाहीं. नवशिक्याच्या दोन उड्यांमध्यें महिनाभराहून अधिक खंड पडला, तर बहुधा पुन्हां उजळणी करावी लागते, आणि तिचेहि पैसे पडतात. म्हणजे तुकड्यातुकड्यांनीं शिकणारा तीच पायरी पुन्हां पुन्हां विकत घेतो. शिकावयाचें तर सलग, एका दमांत; आणि शाळेच्या नोकरींत तेवढा सलग वेळ उन्हाळ्याच्या सुटीवांचून मिळत नाहीं.

मग थांबावयाचें काय? पैसा थांबूं शकतो. तो उलट थोडा वाढतो. गुडघे थांबत नाहींत. चोपन्नाव्या वर्षीं दोन वर्षें थांबणें आणि चोविसाव्या वर्षीं थांबणें यांत फार अंतर आहे, आणि तें कोणत्याहि व्याजानें भरून निघत नाहीं. आम्हीं हळूच सुचविलें कीं, विहिरीचें काम एक साल लांबविलें तर चालेल. पत्नीनें आमच्याकडे असें पाहिलें कीं तें वाक्य आम्हीं अर्ध्यावरच गिळलें. ती म्हणाली, "भाऊजींच्या घरांत त्या विहिरीचें पाणी पितात. त्यांना कोरडें ठेवून मी आकाशांत जाऊं?" त्या एका प्रश्नानें आमच्या मनांतली एक शंका मात्र कायमची फिटली. दुष्काळी मुलखांत राहून असली चैन करावी काय, हा प्रश्न आम्हांला आंतून टोचीत होता. ज्याचें त्याला आधीं देऊन झालें असेल, तर उरलेल्या घासाविषयीं लाजण्याचें कारण नाहीं, असें आतां आम्ही मानतों. निरुपयोगी गोष्टीवर पैसा घालणें वाईट नाहीं. तो दुसऱ्याच्या वांट्याचा असणें वाईट.

शेवटीं ठरलें तें असें. लाख रुपये बँकेंत, विम्याच्या मर्यादेंत, निराळे ठेवावयाचे. त्यांत दरमहा पांच हजार तिच्या पगारांतून आणि तीन हजार आमच्या निवृत्तिवेतनांतून घालावयाचे. चोवीस महिन्यांत १,९२,००० होतात, लाखासह २,९२,०००. म्हणजे तीन लाखांच्या उंबरठ्यावर. तोंवर बांधलेली उडी एकहि नाहीं, सामान कांहीं नाहीं. हैदराबादेस उभ्या झोतांत अधांतरीं तरंगण्याची सोय झाली आहे. तेथें एकदां जाऊन शरीर कसें धरावें तें पाहून यावयाचें. आणि गुडघ्यांसाठीं कळसूबाई, नवरात्रांत एकदां जात असे ती आतां दर दोन महिन्यांनीं, निदान पावसाळा सोडून. कळसूबाईला एस.टी.चें भाडें आणि भाकरीचा डबा एवढाच खर्च आहे. आम्हीहि पहिल्या शिडीपर्यंत सोबत जातों.

कांहीं स्नेह्यांनीं विचारलें कीं, छप्पन्नाव्या वर्षीं परवाना मिळवून ही बाई करणार काय? याचें उत्तर आम्हांला देतां आलें नाहीं, आणि आतां द्यावेंसेंहि वाटत नाहीं. उत्तर देऊं लागलों तर पुन्हां सोंग आणावें लागेल. विद्यार्थ्यांना वाऱ्यांचा पाठ प्रत्यक्ष अनुभवानें शिकवितां येईल, असें कांहीं तरी. तसें होईलहि कदाचित्. पण ती त्यासाठीं जात नाहीं. पहिल्या खेपेस ती दुसऱ्याच्या उडींत बरोबर होती. आतां तिला स्वतःची एक उडी हवी आहे. एवढेंच कारण आहे, आणि आम्हीं तें जसेंच्या तसें मान्य केलें आहे.

विहिरीचें काम सुरूं झालें. आईच्या डोळ्याची तारीख ठरली. ताळेबंदांत जें बसवावयाचें होतें तें सर्व बसलें. फक्त आमची भीति कोणत्याच रकान्यांत बसली नाहीं. दोन वर्षांनीं, सर्व ठरल्याप्रमाणें झालें तर, कोठल्या तरी परक्या मैदानावर आम्ही खालीं उभे असूं आणि ढगांतून एक ठिपका निघेल. त्या ठिपक्याची छत्री उघडेपर्यंतच्या सेकंदांचा भाव काय लावावा, तें आम्हांला ठाऊक नाहीं. हें आम्हीं तिला बोलून दाखविलें. ती वह्या तपाशीत होती. मान वर न करतां म्हणाली, "घाबरा खुशाल, पण डोळे मिटूं नका. आणि या चष्म्यानें तुम्हांला समोरची बससुद्धां दिसत नाहीं. तो आधीं बदला." नव्या चष्म्याचा खर्च आम्हीं किरकोळींत धरला आहे.